हात राखून

लाठी हातात येण्याआधी चार महिने मी नुसते पाय टाकत होते. कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतली तालीम, तिच्या मागचं मातीचं अंगण आणि वस्तादांचा एकच धोशा, ‘पाय बघ, पाय.’ मी अकरा वर्षांची होते. वडिलांनी शब्द टाकला म्हणून वस्तादांनी मला घेतलं होतं, तेही मुलांचा सराव आटोपल्यावर. पवित्रा घ्यायचा, पुढचा गुडघा वाकवायचा, मागचा पाय ओढून घ्यायचा, अंगाला वळण द्यायचं आणि पुन्हा पवित्रा. मातीत पावलांचे ठसे उमटायचे आणि वस्ताद ते ठसे वाचायचे. टाच जास्त रुतलेली दिसली की म्हणायचे, ‘हितं कुणी ढकललं असतं तर पडली असतीस.’

चार महिन्यांनी लाठी आली. कानाच्या पाळीपर्यंत पोचेल एवढी, भरीव बांबूची. तमाचा, बाहेरा, शिर हे हात, म्हणजे वार, पंधरा दिवसांत बसले. मला वाटलं, आलं आपल्याला. मग वस्तादांनी समोर एक मुलगा उभा केला आणि म्हणाले, ‘सगळ्या जोरानं शिर मार, आणि त्याच्या केसांना लागायच्या आत थांबीव.’ ते जमायला मला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात अंगणात सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेले शब्द दोनच: ‘हात राख.’

आपण घरात हात राखून खर्च करतो, हात राखून मीठ घालतो. माझ्यापुरता हा वाक्प्रचार त्या अंगणातून आला. मराठीत तालमीची भाषा अशी जागोजागी मुरलेली आहे. राजकारणी पवित्रा बदलतो, विहीणबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटतो, वादात कुणीतरी तोडीस तोड उत्तर देतं. ‘तोड’ म्हणजे समोरच्याच्या डावावरचा उतारा. एकेका डावाची तोड शिकण्यात माणसं वर्षं घालवत. शब्द आपल्याकडे राहिले, अंगणं मात्र मोटारी लावायला गेली.

गेली तीस वर्षं मी मुलींना, बायकांना आणि अलीकडे निवृत्त झालेल्या जोडप्यांनाही स्वसंरक्षण शिकवते. पहिल्या दिवशी हमखास येणारा प्रश्न ठरलेला आहे: ‘मॅडम, पर्समध्ये काय ठेवू?’ कुणी मिरचीच्या स्प्रेबद्दल विचारतं, कुणी घडीच्या चाकूबद्दल, एखादे काका हळूच पिस्तुलाच्या परवान्याबद्दल. प्रश्न खरा असतो. त्याच्या मागे एखादा रिकामा जिना असतो, रात्रपाळीहून परतताना लागणारा अंधारा रस्ता असतो, शेजारच्या घरात नुकतीच झालेली चोरी असते. म्हणून मी तो कधी हसण्यावारी नेला नाही. पण एका वाक्यात त्याचं उत्तर देता येत नाही आणि दिलं तर ते धोक्याचं ठरतं. हे पुस्तक म्हणजे त्या एका प्रश्नाचं सविस्तर उत्तर आहे.

सुरुवात माझ्याच घरातल्या एका गोष्टीनं करते. माझ्या मामांकडे परवान्याची बाराबोअर बंदूक होती. मळ्यातलं घर, चारी बाजूंनी ऊस, गाव दीड मैलावर. पीक राखायला आणि घरच्यांच्या रक्षणाला म्हणून ती आजोबांच्या काळापासून घरात होती. वर्षातून एकदा तिला तेल लागायचं. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची. मामांनी आयुष्यात तिच्यातून किती बार काढले असतील? मामी म्हणायच्या, दोन, आणि दोन्ही दिवाळीत. पोरांच्या हाती लागू नये म्हणून बंदूक माळ्यावर, काडतुसं मामींच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली देवघरात. काळजी म्हणून हे सगळं बरोबरच होतं. मग एका अमावस्येला पाच जण मागचं दार फोडून आत आले. मामा माळ्याच्या शिडीवर दोन पायऱ्या चढले होते, तेवढ्यात त्यांच्या पाठीत काठी बसली. दागिने गेले, रोकड गेली आणि बंदूकही गेली. पुढचं वर्षभर मामांना दागिन्यांपेक्षा बंदुकीचा घोर लागून राहिला. आपल्या नावावरचं शस्त्र कुणाच्या हातात असेल, त्यानं कुणाचा जीव घेतला असेल, या विचारानं ते रात्री उठून बसत. त्या रात्री घरातली माणसं वाचली ती मामींच्या ओरडण्यानं. त्या परसदारी पळाल्या, विहिरीच्या कठड्याशी उभ्या राहून पलीकडच्या वस्तीच्या नावानं एवढ्या मोठ्यानं हाका मारू लागल्या की कुत्री भुंकायला लागली, बॅटऱ्या लागल्या आणि आलेले पळाले.

मी बंदुकीच्या विरोधात नाही. जिथे पोलीस पोचायला तास लागतो तिथल्या माणसाची गरज मला कळते. पण बंदूक घरात असणं आणि बंदूक चालवता येणं यांत जे अंतर आहे, ते मामांच्या पाठीवरच्या वळानं मला दाखवलं. आपल्या कायद्यालाही हे अंतर ठाऊक आहे. शस्त्र नियम २०१६ नुसार अग्निशस्त्राचा परवाना मागणाऱ्यानं शस्त्र सुरक्षित हाताळणं, बाळगणं, ठेवणं, नेणं आणि चालवणं यांचं प्रशिक्षण घेणं अपेक्षित आहे. प्रमाणपत्र मिळतं, फाईलला लागतं. पुढची वर्षानुवर्षं सराव कोण करतं, हे ज्याचं त्यानं स्वतःला विचारायचं. दिल्लीत डिसेंबर २०१२ मध्ये चालत्या बसमध्ये एका मुलीवर झालेल्या त्या भयंकर सामूहिक बलात्कारानंतर, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या आयुध निर्माणीनं खास स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. पॉइंट बत्तीसचं, वजनाला अर्ध्या किलोच्या आसपास, पर्समध्ये मावेल असं. किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होती. ती बातमी वाचून मला राग आला होता आणि तो अजून ओसरलेला नाही. ज्या बसमध्ये ती मुलगी चढली, तसल्या बसमधून रोज प्रवास करणाऱ्या कुणाकडे सव्वा लाख असतात?

मिरचीच्या स्प्रेचं तसं नाही. तो स्वस्त आहे, परवाना लागत नाही आणि जपून वापरला तर तो पळायला लागणारे दहा-वीस सेकंद मिळवून देतो. म्हणून मी तो शिकवते. पण शिकवण्याआधी एक खेळ घेते. स्प्रेच्या जागी पाण्याची छोटी बाटली, ती पर्समध्ये, पर्स खांद्याला. बायकांना मैदानाला चार फेऱ्या पळायला लावते, धाप लागलेली असतानाच मागून कुणीतरी खांदा धरतं आणि मी शिट्टी वाजवते. बहुतेकींच्या हाताला आधी रुमाल लागतो, मग किल्ल्या, मग चष्म्याचं घर. काहींची चेनच उघडत नाही. एकदा एका तालुक्याच्या गावी, महिला दिनाच्या कार्यक्रमात, उत्साहाच्या भरात एकीनं खरा स्प्रे वाऱ्याच्या तोंडावर मारला आणि पहिल्या दोन रांगांतल्या बायका डोळे चोळत नळाकडे धावल्या. तेव्हापासून वारा कुठून येतो हे बघणं, हा स्प्रे शिकवण्यातला माझा पहिला धडा झाला. लिफ्टमध्ये, रिक्षात, बंद गाडीत स्प्रे मारला तर त्याचा त्रास दोघांनाही होतो. त्याला मुदत असते, ती उलटली की दाब कमी होतो. हातात धरलेला स्प्रे उपयोगी, पर्सच्या तळाशी असलेला नाही. अंधाऱ्या रस्त्याला लागण्यापूर्वी तो मुठीत घ्यायचा, किल्लीसारखा.

चेन का उघडत नाही, याचं कारण शरीरात आहे. जीव घाबरला की छातीतले ठोके झपाट्यानं वाढतात, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, बोटं थंड आणि जड होतात. नजर आखडते, बोगद्यातून बघितल्यासारखं फक्त समोरचं दिसतं. कान बंद झाल्यासारखे होतात. मांड्यांत आणि खांद्यांत जोर येतो, पण सुईत दोरा ओवण्याचं बळ जातं. म्हणजे त्या क्षणी बोटांच्या नाजूक हालचालींवर चालणारं कुठलंही साधन, मग ती चेन असो, पिन असो की पिस्तुलाचा खटका, हजार वेळा हाताखालून गेलेलं नसेल तर आपलं नसतंच. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये एक साधा हिशेब मांडला. चाकू घेऊन धावत येणारा माणूस २१ फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो, आणि सराव असलेल्या पोलिसाला कमरेचं पिस्तूल उपसून गोळी झाडायला साधारण तेवढाच वेळ लागतो. आपल्या फ्लॅटमधली बैठकीची खोली सहसा २१ फूट नसते. जिन्याचं वळण तर नसतंच. तिथे शस्त्र उपसायला वेळ मिळत नाही. वेळ मिळवायचा असतो तो पायांनी: बाजूला सरून, मध्ये टेबल घेऊन, दार ओढून, मागे न पडता मागे जाऊन. वस्ताद ठसे का वाचत होते ते मला त्या आकड्यानं नव्यानं समजावलं.

आता सगळ्यांत अवघड भागाकडे येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल वर्षानुवर्षं एक गोष्ट सांगत आले आहेत: बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, साहेब, लग्नाचं वचन दिलेला. अंधाऱ्या रस्त्यावरचा अनोळखी माणूस डोळ्यांसमोर ठेवून घेतलेलं शस्त्र इथे काय करणार? काकांवर स्प्रे कोण मारतं? ज्यांच्या घरी आपण जेवलो, त्यांच्या समोर हात उचलण्याआधी मुलीला एक फार मोठी भिंत ओलांडावी लागते आणि त्या भिंतीला मराठीत नेमका शब्द आहे, भीड. ‘भीड भिकेची बहीण’ असं म्हणणाऱ्या समाजानंच मुलींना लहानपणापासून भीड शिकवली. पाहुण्यांच्या मांडीवर बस, पापा दे, असं काय तुसड्यासारखं वागायचं. माझ्या वर्गातला पहिला महिना म्हणून भीड मोडण्याचा असतो. ‘हात काढा’ हे दोन शब्द, खणखणीत, खाली न बघता, ‘प्लीज’ न जोडता आणि नंतर न हसता म्हणायचे. कॉलेजातल्या, बाइक चालवणाऱ्या, फाडफाड बोलणाऱ्या मुलींनाही ते पहिल्या दिवशी जमत नाहीत. म्हणताना हसू येतं. ते हसू भीतीचं असतं.

कॅनडात विंडसर विद्यापीठाच्या चार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास मी इथे मुद्दाम सांगते, कारण स्वसंरक्षणाचं शिक्षण खरंच उपयोगी पडतं का, याचं इतकं नीट उत्तर फार कमी ठिकाणी मिळतं. तो २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींचे चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले. एका गटाला माहितीपत्रकं दिली, दुसऱ्या गटाला एकूण १२ तासांचं प्रशिक्षण. वर्षभरानंतर पत्रकं मिळालेल्या गटात बलात्कार झालेल्यांचं प्रमाण ९.८ टक्के होतं, प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२ टक्के. जवळपास निम्मं. त्या बारा तासांत शस्त्र नव्हतं. हातपाय चालवण्याचा भागही थोडाच होता. बाकीचा वेळ धोका ओळखण्यात, ओळखीच्या माणसाबाबत मनात येणारी ‘तो तसा नसेल’ ही समजूत बाजूला करण्यात आणि आपल्याला काय हवं, काय नको हे स्वतःशी स्पष्ट करण्यात गेला. आमच्या वस्तादांनी विद्यापीठ पाहिलं नव्हतं, तरी पाय, नजर, आवाज आणि मग लाठी, हा त्यांचा क्रम याच रस्त्यानं जाणारा होता.

आवाजावरून जोतीरावांची आठवण होते. पुण्याच्या गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. तिथे जोतीराव फुले दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. म्हणजे शस्त्राचा हात त्यांना होता. पुढे मुलींच्या आणि अस्पृश्य मानलेल्यांच्या शाळा काढल्यामुळे चिडलेल्यांनी १८५६ च्या सुमारास त्यांच्यावर मारेकरी घातले. त्यांच्या चरित्रांत ही हकीकत आहे: दोघे रात्री घरात शिरले, जोतीराव जागे झाले आणि त्यांनी त्या दोघांना विचारलं, तुम्ही कोण, का आलात, मी तुमचं काय वाईट केलं? बोलणं वाढत गेलं आणि हत्यारं खाली आली. त्यांतला एक पुढे त्यांचा राखणदार झाला, तर दुसरा, धोंडीराम नामदेव कुंभार, त्यांच्या कार्यातला साथी. ही गोष्ट सहसा महात्म्याच्या थोरवीची म्हणून सांगितली जाते आणि थोरवी तर आहेच. मला तिच्यात तालमीत तयार झालेला माणूसही दिसतो. मध्यरात्री उशाशी शस्त्र घेऊन उभ्या असलेल्या माणसाशी आवाज न चढवता, न कापता बोलता येणं, हे नुसत्या चांगुलपणातून येत नाही. समोर उगारलेला हात शेकडो वेळा पाहिलेला असावा लागतो. ज्याला मारता येतं त्यालाच बोलायला सवड सापडते, असं मी माझ्या मुलींना सांगते.

आपल्याकडे या शिक्षणाची परंपरा मोठी आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं इंग्रजांनी देश निःशस्त्र केला, पण काठी त्यांना काढून घेता आली नाही. तालमी, आखाडे, व्यायामशाळा यांनी लाठी, फरीगदका, बोथाटी, जंबिया, पट्टा हे सगळं जिवंत ठेवलं. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्या मंडळाच्या पथकानं देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. बडोद्याला दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. आज कोल्हापुरात मर्दानी खेळांचे आखाडे उभे आहेत, शिवजयंतीला त्यांची पथकं निघतात, आणि २०२४ च्या शिवजयंतीला दांडपट्टा हे महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झालं. त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण शिकायला आलेल्यांना मी हेही स्पष्ट सांगते की पट्ट्यानं लिंबू कापता येणं म्हणजे बसस्टॉपवर स्वतःला वाचवता येणं नव्हे. पट्टा पाय देतो, मनगट देतो, अंतराचा अंदाज देतो, भीती कमी करतो. बसस्टॉपवर पट्टा नसतो. तिथे तो पाय आणि तो अंदाज आपल्याबरोबर असतो. हीच गोष्ट कराटेच्या पट्ट्यांची. काळा पट्टा मिळवलेली, पण कधी कुणी खरोखर ढकललेलं नाही अशी मुलगी माझ्याकडे येते आणि पहिल्या ढकलण्यातच तिचा श्वास अडकतो. तिच्या गुरूंनी तिला वाईट शिकवलेलं नसतं, अर्धं शिकवलेलं असतं. दोन तासांच्या शिबिरांबद्दल मात्र मी इतकी सौम्य राहू शकत नाही. फलक लागतो, पाहुणे येतात, मुलींना चार डाव दाखवले जातात, फोटो निघतात आणि ‘आता तुम्ही निर्भय झालात’ असं सांगून त्यांना घरी पाठवलं जातं. ही फसवणूक आहे. डाव न येणारी मुलगी पळते. डाव येतो असं वाटणारी थांबते.

कायद्याबद्दल या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे. एका वकील मैत्रिणीनं ते तीनदा तपासलं. इथे त्यातला गाभा सांगते, कारण याबाबत लोकांच्या मनात दोन टोकांच्या चुकीच्या कल्पना असतात. काहींना वाटतं, हात उचलला की आपणच आत जाऊ. काहींना वाटतं, चोर घरात शिरला की त्याला काहीही केलेलं चालतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाचा हक्क ३४ ते ४४ या कलमांत आहे. त्याआधी तो भारतीय दंड संहितेच्या ९६ ते १०६ या कलमांत होता. हा हक्क फक्त स्वतःच्या शरीरापुरता नाही. दुसऱ्या कुणाचंही शरीर वाचवण्यासाठी तो वापरता येतो. रस्त्यावर कुणी कुणाला मारत असताना मध्ये पडणाऱ्याला कायद्याचा आधार आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. पहिला घाव बसेपर्यंत थांबायचीही गरज नाही. हल्ल्याच्या प्रयत्नातून किंवा धमकीतून शरीराला धोका आहे अशी रास्त भीती वाटली की हक्क सुरू होतो. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची भीती, बलात्कार, अपहरण अशा काही प्रसंगांत तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो बचाव ठरू शकतो. २०१३ च्या दुरुस्तीनं या यादीत ॲसिडहल्ला आला आणि नव्या संहितेतही तो आहे. २०१० मध्ये दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं या हक्काची तत्त्वं एकत्र मांडली. जीव धोक्यात असलेल्या माणसानं आपली ताकद गुंजागुंजानं तोलून वापरावी अशी अपेक्षा ठेवता येणार नाही आणि पळून जाणं हे त्याचं कर्तव्य नाही, असा त्यांचा आशय आहे.

या हक्काची दुसरी बाजूही त्याच कलमांत लिहिलेली आहे. भीती असेपर्यंतच हक्क, हे चाळिसावं कलम. बचावाला लागेल तेवढीच इजा. पोलिसांकडे जायला सवड असेल तर हक्क नाही. म्हणजे हल्लेखोर पडला, त्याच्या हातातला चाकू सुटला, तो पळू लागला, तिथे माझा हक्क संपला. त्याच्या पाठीत घातलेला पुढचा घाव हा बचाव नव्हे, तो गुन्हा आहे. कोर्टात खटले उभे राहतात ते बहुधा या पुढच्या घावावरून. वकील मैत्रिणीनं हे समजावून सांगितलं तेव्हा मी तिला अंगणातली ती गोष्ट सांगितली, सगळ्या जोरानं मारायचं आणि केसांना लागायच्या आत थांबायचं. ती म्हणाली, ‘तुझ्या वस्तादांनी चाळिसावं कलमच शिकवलं की.’ घाबरलेल्या आणि संतापलेल्या माणसाला थांबणं आपोआप येत नाही. हातात लोखंड असेल तर आणखीच येत नाही. मारण्याइतकाच थांबण्याचाही सराव करावा लागतो, रोज, घाम गाळून. म्हणून या पुस्तकात प्रत्येक हाताच्या वर्णनानंतर तो कसा आवरायचा याचं वर्णन आहे.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर मुलींपेक्षाही काही मुलगे येतात. सोळा-सतरा वर्षांचे. गेल्या काही वर्षांत पुण्यात आणि आसपासच्या गावांत कोयता घेऊन फिरणाऱ्या पोरांच्या बातम्या आपण वाचतो. वाढदिवसाचा केक तलवारीनं कापल्याबद्दल गुन्हे दाखल झाल्याचंही वाचतो. माझ्याकडे अशी दोन मुलं त्यांच्या आयांनी आणली होती. दोघांचं उत्तर एकच होतं: ‘सेफ्टीसाठी ठेवला होता.’ मला ते खोटं वाटलं नाही. त्यांना खरंच भीती वाटत होती, कारण समोरच्या गल्लीतल्या मुलांकडेही कोयता होता आणि त्यांनाही भीतीच वाटत होती. कोयता उसासाठी आहे, नारळासाठी आहे. शेतीचं अवजार म्हणून शस्त्र कायदा त्याला सूट देतो, पण ते शर्टाच्या आत, पाठीला लावून फिरलं की त्याचं अवजारपण संपतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ (१) खाली आयुक्त किंवा जिल्हाधिकारी वेळोवेळी आदेश काढतात. तसा आदेश असताना चाकू, तलवारच काय, साधी काठी बाळगणंही गुन्हा ठरतं. हे त्या पोरांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. त्याहून महत्त्वाची गोष्टही कुणी सांगितली नव्हती: कोयता जवळ असला की शिवी ऐकून निघून जाणं कठीण होतं. रिकाम्या हाताचा मुलगा जिथून निघून गेला असता तिथे कोयतेवाला उभा राहतो. त्या दोघांतला एक सहा महिने माझ्याकडे लाठी शिकायला आला. दुसरा आला नाही. त्याचं पुढे काय झालं ते लिहिण्याचा मला अधिकार नाही, पण त्याची आई अजून मला बाजारात भेटते.

एक गोष्ट मात्र पुस्तक उघडण्याआधीच प्रत्येकीनं वाचावी असं मला वाटतं. हल्ल्याच्या क्षणी शरीर गोठतं. आवाज फुटत नाही, हातपाय हलत नाहीत. ते भ्याडपण नव्हे आणि संमती तर नव्हेच नव्हे. ससा, हरीण, माणूस, सगळ्यांच्या शरीरात निसर्गानं ठेवलेली ती प्रतिक्रिया आहे. सरावानं गोठण्याचा काळ कमी होतो, पण पूर्ण जात नाही, माझाही गेलेला नाही. वर्गात एखादी बाई सरावाच्या मध्येच रडू लागते आणि मग कळतं की तिच्या मनात पंचवीस वर्षांपूर्वीची एक दुपार आहे, आणि तेव्हापासून ती स्वतःला विचारते आहे, मी ओरडले का नाही? तिला मी सांगते, बाई, त्या दिवशी तुझ्या शरीरानं तुला जिवंत ठेवलं. गुन्हा करणाऱ्यानं गुन्हा केला. शिकणं हे उद्यासाठी आहे, त्यानं कालचा दोष तुझ्यावर येत नाही. स्वसंरक्षण शिकवणाऱ्यांनी ‘मुलींनी सक्षम व्हावं’ म्हणताना न शिकलेल्या मुलीला अपराधी ठरवू नये. आमच्या क्षेत्रात हे रोज घडतं आणि ऐकताना मला लाज वाटते.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडं. पहिला भाग पायांचा, दुसरा नजरेचा आणि अंतराचा, तिसरा आवाजाचा. हाताचे वार चौथ्यात येतात: तळहात, कोपर, गुडघा, कारण मूठ नवख्याच्या हाताला दुखापत करते. साधनं पाचव्या भागात, आणि तीही रोजच्या वापरातली: छत्री, ओढणी, किल्ल्या, बॅटरी, लाठी, स्प्रे. चाकू मी शिकवत नाही. चाकूसमोरून निसटणं शिकवते. माझ्या अनुभवात चाकूच्या झटापटीत न कापलेला माणूस सापडणं दुर्मीळ आहे, आणि नवशिक्याच्या हातातला चाकू हिसकावला जायला फार वेळ लागत नाही. बंदुकीवर एक छोटं प्रकरण आहे, ते मुख्यतः ती कुलपात कशी ठेवायची यावर. सहावा भाग नंतरचा: ११२ ला फोन कधी आणि काय सांगून करायचा, अंगावरचे कपडे का धुवायचे नाहीत, वैद्यकीय तपासणी, तक्रार. आपण बचावात कुणाला मारलं असेल तर पोलिसांना आपणच आधी कळवायचं, यावर त्यात मी जास्त भर दिला आहे. घाबरून घरी जाऊन दार लावून बसणारा माणूस खरा असूनही खोटा दिसतो.

चित्रं माझ्या एका विद्यार्थिनीनं काढली आहेत. ती डावखुरी आहे, त्यामुळे काही पवित्रे उलटे आले होते, ते आम्ही दोघींनी मिळून सुधारले. तरी डावखुऱ्या वाचकांनी चित्रं आरशात धरून बघावीत. पुस्तकावरून एकट्यानं शिकता येईल असं मी म्हणणार नाही. एक जोडीदार लागेल, शक्य असेल तर तुमच्यापेक्षा वजनानं जास्त, आणि थोडी मोकळी जागा, मातीची असेल तर उत्तम, कारण मातीत ठसे उमटतात. पहिल्या भागातले सराव अनवाणी करावेत. लाठी विकत घेण्याची घाई करू नये. पहिले चार महिने ती लागणार नाही.